पिनबॉलच्या पोटात

१९८० च्या आगेमागे बनलेले बाली कंपनीचे पिनबॉल यंत्र घ्या. त्याची मागची उभी पेटी उघडा. आत काही सर्किट बोर्ड स्क्रूने बसवलेले दिसतील. त्यांतल्या मुख्य बोर्डाच्या कडेला ३.६ व्होल्टचा एक निकेल-कॅडमियम सेल डाग देऊन पक्का केलेला असतो. यंत्र बरीच वर्षे बंद पडून राहिले असेल, तर या सेलभोवती निळसर हिरवा भुरभुरीत थर जमलेला असतो. तो नखाने खरवडला की खाली तांब्याच्या रेघा काळ्या पडलेल्या दिसतात, काही तुटलेल्याही असतात. सेलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपते आणि बोर्डावरच्या हिरव्या लेपाच्या खालून सरकत जाते. चिप ज्या सॉकेटमध्ये बसते त्याच्या पितळी जिभा ते खाते, आणि मग खालच्या कनेक्टरच्या पिनांपर्यंत पोचते. त्या काळातले यंत्र सुरू होत नसेल, तर जाणकार कारागीर मीटर हातात घेण्याआधी डोळ्यांनी हा कोपरा पाहतो.

हा सेल तिथे असण्याचे कारण हिशेब. बोर्डावरची ५१०१ ही छोटी स्मृती-चिप २५६ गुणिले ४ बिटांची. यंत्रात किती नाणी पडली, किती खेळ झाले, सर्वोच्च गुण किती, हे सगळे तिच्यात साठते. रात्री बार बंद करून मालकाने वीज घालवली तरी आकडे पुसले जाऊ नयेत, म्हणून तिला सेलचा आधार दिलेला. यंत्र रोज चालत होते तोवर सेलही रोज थोडा थोडा चार्ज होत राहिला. धंदा संपला, यंत्र तळघरात गेले, चार्ज होणे थांबले. पुढे तो झिरपू लागला आणि ज्या बोर्डाची स्मृती राखायला तो होता, तो बोर्डच त्याने पोखरला.

हा सेल तिथवर कसा पोचला याचा माग काढताना पिनबॉलच्या विजेची सगळी वंशावळ हाताशी येते. ती पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. यंत्र किती वेळा बिघडते आणि यंत्र किती वर्षे जगते, या दोन गोष्टींचा संबंध आपण मानतो तितका जवळचा नाही. बिघाड कुठे आहे हे दुरुस्त करणाऱ्याला कळते की नाही, यावर यंत्राचे आयुष्य जास्त ठरते.

सुरुवातीला वीज नव्हतीच. माँटेग्यू रेडग्रेव्ह याने १८७१ साली अमेरिकेत सिनसिनाटीहून बगाटेलमधल्या सुधारणांचे पेटंट घेतले. चेंडू उडवणारा स्प्रिंगचा दांडा त्यातला. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत घरोघर निघणाऱ्या, खिळे ठोकलेल्या बगाटेलच्या फळ्या याच कुळातल्या. १९३१ साली शिकागोत डेव्हिड गॉटलिबचे 'बॅफल बॉल' आले. मंदीच्या दिवसांत एका नाण्यात काही चेंडू खेळायला मिळत, म्हणून ते गल्लीबोळातल्या दुकानांत पसरले. त्याचे वितरण करणाऱ्या रेमंड मोलोनीला मागणीइतकी यंत्रे मिळेनात, तेव्हा त्याने आपले 'बॅलीहू' काढले आणि त्या यंत्रावरून कंपनीचे नाव बाली पडले. या यंत्रांत मोडण्यासारखे फारसे काही नव्हते. स्प्रिंग ढिली व्हायची, खिळा वाकायचा, एवढेच.

वीज आली १९३३ साली, 'काँटॅक्ट' नावाच्या यंत्रातून, आणि तीही सेलमधूनच आली. हॅरी विल्यम्सने फळीखाली कोरडे सेल ठेवले. चेंडू एका खळग्यात पडला की दोन पत्र्यांचा स्पर्श होई, कॉइलमधून वीज जाई, लोखंडी दांडा झटक्यात पुढे येई आणि चेंडूला लाथ मारून बाहेर फेकी. पिनबॉलची पुढची सगळी वीज या एका कृतीत आहे: स्विच मिटतो, कॉइल ओढते. आजचे यंत्रही मुळात हेच करते. सेल संपले की यंत्र मरगळे, त्यामुळे लवकरच ट्रान्सफॉर्मर आले आणि यंत्र भिंतीतल्या प्लगवर चालू लागले. सेल पेटीतून गेला आणि चार दशके परत आला नाही.

मधली चार दशके रिलेची. १९४७ साली गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी'त हॅरी मॅब्जने सहा फ्लिपर बसवले आणि खेळाडूच्या बोटांना काम मिळाले. पन्नाशीच्या दशकात गुण दाखवायला आकड्यांची फिरती चाके आली. त्या काळातल्या यंत्राचा तळ उघडून पाहणे हा सोहळाच आहे. कापडी वेष्टणाच्या रंगीत तारांचे जुडगे, रांगेने बसवलेले रिले आणि मध्ये सावकाश फिरणारी मोटर. या मोटरच्या चकत्यांवर खाचा असतात. त्या खाचांनी कुठले स्विच कुठल्या क्रमाने मिटायचे ते ठरते. पन्नास गुण द्यायचे तर मोटर दहाच्या चाकाला पाच ठोके देते. हातचा धरायची रीत तर फारच देखणी. प्रत्येक चाकावर एक स्विच असतो आणि तो फक्त नऊच्या जागी मिटलेला राहतो. नवावर आलेल्या चाकाला पुढचा ठोका बसला की त्याच मिटलेल्या स्विचमधून शेजारच्या चाकाच्या कॉइललाही वीज मिळते. एकक शून्यावर जाते, दशक एकाने वाढते. एकही ट्रान्झिस्टर नसताना केलेली बेरीज तिथे डोळ्यांसमोर घडते.

ही यंत्रे बिघडायची का? सारखी बिघडायची. शेकडो स्विच, प्रत्येकाला चांदीसारख्या धातूची टिकली, तिच्यावर ठिणग्यांनी जमणारी काजळी. एक टिकली काळी पडली की एक चाक अडते. वंगण घट्ट होऊन पायरी-पायरीने फिरणारे चक्र मध्येच थांबते. कॉइल जास्त वेळ ओढलेली राहिली की जळते आणि तो वास अख्ख्या दुकानात भरतो. पण दुरुस्ती करणाऱ्याला लागायचे काय, तर बारीक कानस, पत्रे वाकवायचा चिमटा, एक टेस्ट लॅम्प आणि पेटीत घडी करून ठेवलेला सर्किटचा मोठा कागद. बाकी सगळे दिसत होते आणि ऐकू येत होते. कुठला रिले ओढला आणि कुठला नाही, हे बोटाने दाबून पाहता येई. १९६० च्या दशकातले यंत्र आजही चालू करता येते, याचे कारण ते कमी बिघडायचे असे नाही. त्यातला कुठलाही भाग असा नाही की जो कुणी हाताने घडवू, गुंडाळू किंवा घासू शकत नाही.

सर्किटचा कागद यंत्राबरोबर का मिळे, हेही समजून घ्यायला हवे. पिनबॉल घरच्या ग्राहकाला विकायची वस्तू नव्हती. ते ऑपरेटर घेई, बार, कॅफे, बोलिंगच्या जागा अशा ठिकाणी ठेवी आणि आत पडलेली नाणी जागामालकाबरोबर वाटून घेई. शुक्रवारी संध्याकाळी बंद पडलेले यंत्र म्हणजे शनिवार-रविवारची कमाई बुडाली. म्हणून कारखाना ऑपरेटरला नकाशा देई, सुट्या भागांचे क्रमांक देई, फ्यूज कुठला घालायचा ते पेटीच्या आत चिकटवून देई. यंत्राचे अपेक्षित आयुष्य मात्र थोड्याच वर्षांचे होते. नवे आले की जुने बाजूला. पन्नास वर्षांनी कुणी ते उघडून बसेल असे रचणाऱ्यांच्या मनातही नव्हते. त्यांनी केवळ शनिवार-रविवारच्या कमाईसाठी लिहिलेली कागदपत्रे आज पन्नास वर्षांनंतरच्या दुरुस्तीला पुरत आहेत.

१९७४ साली डेव्ह नटिंग आणि जेफ्री फ्रेडरिकसन यांनी बालीच्या 'फ्लिकर' यंत्रातले रिले काढून त्या जागी इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बसवून दाखवला. पुढच्या तीन वर्षांत सगळा धंदा पालटला. १९७७ च्या बालीच्या 'एट बॉल'ची वीस हजारांहून जास्त यंत्रे निघाली आणि त्यात मोटोरोलाचा ६८०० होता. तारा जोडायचे कष्ट कमी झाले, हलणारे भाग कमी झाले, चार खेळाडूंचे गुण वेगवेगळे लक्षात ठेवणे सोपे झाले. कारखान्याच्या दृष्टीने हे यंत्र जास्त भरवशाचे होते, आणि ते खरेही होते. काजळी धरणारे रिले जवळजवळ उरलेच नाहीत.

पण कारागिराचे डोळे आणि कान निकामी झाले. चिप चालते की नाही हे बघून कळत नाही. बालीच्या अभियंत्यांनी इथे जे केले त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी बोर्डावर एक छोटा लाल एलईडी बसवला. यंत्र चालू केले की आतला प्रोग्रॅम आधी स्वतःलाच तपासतो आणि एकेक भाग ठीक निघाला की तो दिवा एकदा लुकलुकतो. पहिल्यांदा प्रोग्रॅमच्या चिपा, मग कामचलाऊ स्मृती, मग सेलवरची ५१०१, मग बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या दोन पीआयए चिपा, मग आकडे दाखवणाऱ्या डिस्प्लेला ताल देणारा टायमर, आणि सातव्यांदा कॉइलच्या ४३ व्होल्टच्या पुरवठ्यातून येणारा विजेचा ठोका. सात वेळा लुकलुकला की मेंदू शाबूत. चार वेळा लुकलुकून थांबला, तर दुसरी पीआयए किंवा तिचे सॉकेट पाहायचे. सहावर थांबला, तर मुख्य बोर्डाला हात न लावता फ्यूज आणि पुरवठा तपासायचा. ऑसिलोस्कोप परवडत नसलेल्या, नुकताच रिलेवरून इकडे आलेल्या माणसासाठी त्यांनी ही भाषा घडवली. एक एलईडी आणि प्रोग्रॅममधल्या थोड्या ओळी, एवढ्या खर्चात.

मेंदूखेरीज बाकी शरीर मात्र तेच जुने होते: धक्के, कंप आणि जाड वीज. कॉइल बंद होताना उलट्या दिशेने मोठा व्होल्टेज उसळतो. तो गिळायला प्रत्येक कॉइलच्या दोन टोकांमध्ये एक डायोड असतो. हजारो ठोके खाऊन त्या डायोडचा पाय तुटतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग ती उसळी थेट बोर्डावरच्या ट्रान्झिस्टरला बसते. तो शॉर्ट झाला की कॉइल चालूच राहते, तापते, जळते. नवखा माणूस नवी कॉइल बसवतो आणि तीही जळते. जाणकार आधी ट्रान्झिस्टर बदलतो, मग कॉइल, आणि शेवटी डायोडचा पाय हलवून पाहतो. या सगळ्यात फ्यूज जागचा असता तर निम्मे नुकसान टळले असते. पण गर्दीच्या रात्री जास्त अँपिअरचा फ्यूज घालून वेळ मारून नेणारे ऑपरेटर जगभर होते, आणि त्याच्या खुणा आजही करपलेल्या फायबरवर सापडतात.

दुसरे दुखणे दिव्यांचे. फळीखाली आणि काचेमागे ६.३ व्होल्टचे छोटे बल्ब असतात. ४४ नंबरचा बल्ब पाव अँपिअर खातो. असे चाळीस बल्ब म्हणजे दहा अँपिअर, आणि हे सगळे चिमुकल्या कनेक्टरच्या मोजक्या पिनांतून. पिन थोडी सैल झाली की तापते, तापली की आणखी सैल होते. शेवटी पांढरे प्लॅस्टिक तपकिरी होऊन चुरते. नव्वदीतल्या विल्यम्स कंपनीच्या यंत्रांतही हा रोग तसाच राहिला. ४७ नंबरचा बल्ब कमी वीज घेतो, एलईडी त्याहून फारच कमी. नुसते बल्ब बदलल्याने बोर्डाचे आयुष्य वाढते, ही या धंद्यातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.

आता गॉटलिबकडे वळू, कारण माझा मुद्दा इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. १९७७ च्या 'क्लिओपात्रा'पासून गॉटलिबनेही इलेक्ट्रॉनिक्स घेतले, पण रॉकवेल कंपनीच्या खास चिपांवर. त्यांचे पाय दोन्ही बाजूंना आडव्या-तिरप्या रांगांत असल्यामुळे लोक त्यांना स्पायडर म्हणतात. खेळ चालवायचा प्रोग्रॅम याच चिपांच्या आत कोरलेला. बालीने मात्र मोटोरोलाच्या कॅटलॉगमधल्या चिपा घेतल्या. त्या घरगुती कॉम्प्युटरपासून कारखान्यातल्या यंत्रांपर्यंत सगळीकडे वापरात होत्या, इतर कंपन्यांनीही बनवल्या. स्टर्न कंपनीने तर बालीच्या बोर्डाशी जवळजवळ जुळणारे बोर्ड काढले, त्यामुळे एकाचा भाग थोड्या फेरफाराने दुसऱ्याला चालतो. १९७७ साली दोन्ही बोर्ड नवे होते. रॉकवेलने स्पायडर बनवणे थांबवले तेव्हा गॉटलिबच्या बोर्डाचा वंश तिथे खुंटला. एखादी चिप गेली की दुसऱ्या मेलेल्या बोर्डातून काढून आणण्याखेरीज इलाज नव्हता, आणि तसे बोर्डही दरवर्षी कमी होत गेले. बालीचा बोर्ड अजून डाग देऊन उठवता येतो. तेव्हाच्या कारखान्याच्या दृष्टीने हा खरेदी विभागातला साधा निर्णय असावा. चाळीस वर्षांनी त्याचे परिणाम इतके वेगळे निघाले.

विल्यम्सने सुरुवातीला मुख्य बोर्ड आणि ड्रायव्हर बोर्ड चाळीस पिनांच्या एका लांब जोडणीने एकमेकांना अडकवले. यंत्राच्या कंपाने ती जोडणी सैल होई आणि दोन्ही बोर्ड ठीक असूनही यंत्र मध्येच दगा देई. पुढे त्यांनी ते एकत्र केले. १९९० च्या 'फनहाउस'पासून आलेली त्यांची डब्ल्यूपीसी रचना मात्र पिनबॉलच्या इलेक्ट्रॉनिक्समधली सर्वांत समजूतदार रचना, असे माझे मत आहे. वीस हजारांहून जास्त बनलेले १९९२ चे 'द ॲडम्स फॅमिली' याच रचनेवर चालते. एलईडीची लुकलुक जाऊन तिथे वाक्ये आली. बऱ्याच खेळांत एखादा स्विच एकदाही मिटला नाही, तर यंत्र तो बिघडल्याचे ताडते, डिस्प्लेवर क्रेडिटच्या आकड्यापुढे बारीक ठिपका काढते आणि दार उघडल्यावर कुठला स्विच ते सांगते. तोवर खेळ अडू नये म्हणून त्या स्विचवाचून खेळता येईल अशी सोयही करते. या समजूतदार बोर्डावर तीन पेन्सिल सेल मात्र होतेच, आणि तेही गळतात. १९९४ पासून त्यांनी एक सुरक्षा-चिपही बसवली, जी जुळल्याशिवाय एका खेळाचा बोर्ड दुसऱ्यात चालत नाही. दुरुस्तीच्या वाटेवर कारखान्याने स्वतःहून लावलेले हे कुलूप.

१९९९ साली विल्यम्सने पिनबॉल २००० नावाने पर्सनल कॉम्प्युटरच्या बोर्डावर चालणारी दोन यंत्रे काढली आणि २५ ऑक्टोबरला पिनबॉलचा विभागच बंद केला. मोठ्या कारखान्यांपैकी उरले फक्त स्टर्न.

आश्चर्य असे की कारखाने गेल्यावर जुनी यंत्रे जास्त नीट राखली जाऊ लागली. ती ऑपरेटरकडून घरांत आली आणि लास वेगासच्या पिनबॉल हॉल ऑफ फेमसारख्या जागांत आली, जिथे नाणे टाकून ती आजही खेळता येतात. बालीच्या मुख्य बोर्डाच्या जागी बसणारे नवे बोर्ड मिळतात. ५१०१ च्या सॉकेटमध्ये बसणारी, वीज गेली तरी आकडे न विसरणारी स्मृती मिळते. ती लावली की सेल कापून फेकता येतो. १९० व्होल्टवर नारिंगी चमकणाऱ्या काचेच्या डिस्प्लेच्या जागी एलईडीचे डिस्प्ले आले. गॉटलिबचा खुंटलेला वंशही छंदिष्टांनी पुढे नेला: स्पायडरांचे सगळे काम आधुनिक मायक्रोकंट्रोलरवर करणारे बोर्ड बनले, आणि ते जुन्याच कनेक्टरांवर बसतात. हे शक्य झाले कारण त्या कनेक्टरांच्या कुठल्या पिनेवर काय येते, हे १९७७ च्या छापील नकाशात स्पष्ट होते. जुना बोर्ड वाचवायचा असेल तरी कृती ठरलेली आहे: सेल काढा, पातळ केलेल्या व्हिनेगरने क्षार मारा, पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुवा, सॉकेट उपसा, तांबे चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा. करडेपणा राहिला तर कथील धरत नाही.

२०१५ च्या सुमाराला स्टर्नची स्पाइक रचना आली. एका मोठ्या ड्रायव्हर बोर्डाऐवजी फळीखाली जागोजागी छोटे नोड बोर्ड, प्रत्येक बोर्ड जवळच्या कॉइल आणि दिवे सांभाळतो, तारांचे वजन कितीतरी घटले. घटक पृष्ठभागावर चिकटवलेले आणि तांदळाच्या दाण्याहूनही बारीक. बोर्ड बिघडला की तो काढून नवा लावायचा, अशी अपेक्षा. ही यंत्रे रोजच्या चालण्यात जुन्यांपेक्षा कमी त्रास देतात, हे मान्य करायला हवे. पण त्यांच्या पुस्तिकांत कुठली तार कुठे जाते ते असते, नोड बोर्डाच्या आतले सर्किट नसते. इतकी वर्षे यंत्राबरोबर येणारा सर्किटचा कागद इथे थांबला. तरी हॉट एअर गन आणि भिंग घेऊन या बोर्डांवरचे जळालेले मॉसफेट ट्रान्झिस्टर बदलणारे कारागीर आहेत. नकाशा नसल्यामुळे त्यांना आधी चांगला बोर्ड शेजारी ठेवून, मीटरच्या दोन टोकांनी एकेक रेघ कुठून कुठे जाते ते तपासत तो नकाशा स्वतः काढावा लागतो.